दाब, धर, सोड

नानांच्या घरी गेलेल्या माणसाला पाणी नंतर मिळतं. आधी गाडीत बसावं लागतं. गाडी कुठेही जात नाही. अंगणातल्या पत्र्याखाली ती उभी असते. पाहुण्याने चप्पल काढायची, अनवाणी पायाने ब्रेकचं पेडल दाबायचं, आणि खिडकीशी वाकलेल्या नानांनी विचारायचं, "पाय काय म्हनस?"

पाहुणा म्हणतो, "चांगलं आहे की."

"चांगलं तर वरणबी ऱ्हास! घट्ट शे का पोकळ शे? कुठं धरस, ते सांग."

एका विमा एजंटाने खूश करायला म्हणून "अगदी गादीसारखं आहे, नाना," असं सांगितलं. नानांचा चेहरा पडला. ब्रेकचं पेडल गादीसारखं लागणं म्हणजे नळीत हवा शिरल्याची खूण. त्याच दुपारी गाडी जॅकवर चढली. एजंट पुन्हा देवपुरात दिसला नाही.

नाना माझे धुळ्यातल्या देवपुरातले शेजारी. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, पण जीव गाडीत. मला ते बापू म्हणतात. मी कोर्टात लघुलेखक होतो. जन्मभर लोकांच्या जबान्या उतरवून घेतल्या. नानांबद्दलचा जो किस्सा अख्ख्या कॉलनीला पाठ आहे, तो मीच पसरवलेला आहे. तो चुकीचा आहे. खरं काय ते आज लिहितो.

नाना उंच, बांबूसारखे. गाडी लहान. त्यात ड्रायव्हरची सीट अगदी पुढे ओढलेली. नाना गाडी चालवू लागले की स्टिअरिंगच्या दोन्ही अंगांना त्यांचे गुडघे दिसायचे. "नाना, टोळ चालला गाडी घेऊन," असं पोरं ओरडायची. सीट मागे का घेत नाही, असं विचारलं की एकच उत्तर: "रेल गंजलीय." ज्या माणसाच्या डिकीच्या बिजागरीलासुद्धा दर पंधरवड्याला ग्रीस मिळायचं, त्याची एक रेल मात्र कायमची गंजलेली. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच.

त्यांची पत्नी, प्रमिलाअक्का, गेली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. मुलगी सुनंदा जळगावला दिलेली, तिला नुकतीच मुलगी झाली होती. नात पहिल्यांदा आजोळी येणार ती आपल्याच गाडीतून, हे नानांनी ठरवून टाकलं. तेवढ्यासाठी गाडीचे पुढचे ब्रेक बदलून घेतले. मोठी डिस्क, ती आवळणारे मोठे कॅलिपर. जळगावच्या गॅरेजवाल्याने बजावलं होतं, "नाना, कॅलिपर मोठे आहेत, तेल जास्त ओढतील. पेडल पहिल्यापेक्षा थोडं खाली जाईल. घाबरू नका." नाना घाबरले नाहीत, पण त्यांना चैनही पडेना. घरी आल्यावर हवा पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने काढायची ठरली.

ब्रेकची हवा काढणं हे दोन माणसांचं काम. एकाने गाडीत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाशी बसून निपल, म्हणजे तेल सोडायचा बारका स्क्रू, ढिला करायचा. बुडबुड्यांसकट तेल बाटलीत येतं. मग निपल आवळायचा, आणि त्यानंतरच वरच्याने पाय उचलायचा. त्याआधी उचलला, तर पेडल उलटी हवा आत ओढून घेतं. नानांचे हुकूम तीनच: "दाब… धर… सोड."

वरचा माणूस मी होतो. सीट पुढे, गुडघे छातीशी, पाय वाकडा. शेवटचं चाक ड्रायव्हरच्या बाजूचं. "धर" म्हणून नानांनी निपल ढिला केला आणि माझ्या पोटरीत असा गोळा आला की पाय आपसूक उचलला गेला. क्षणभरच. लगेच पुन्हा दाबला.

खालून आवाज आला, "बापू, पाय उचलला का रे?"

"नाही हो, नाना."

का म्हणालो? पोटरीत गोळा आला हे सांगायला लाज कसली? पण उचलला म्हटलं असतं तर तासभर पुन्हा तेच. अंघोळ व्हायची होती, पोटात भूक होती. तेवढ्यासाठी.

नानांनी गल्लीत एक चक्कर मारली. परत आले तेव्हा भुवया जवळ आलेल्या. "थोडं खोल वाटस," म्हणाले. माझ्याकडे पाहिलं. "तू उचलला नाहीस ना? मग ते मोठ्या कॅलिपरचंच." ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या पायाखेरीज कुणावर विश्वास ठेवला नाही, त्याने त्या दिवशी माझ्यावर ठेवला. वर म्हणाले, "चल, लळिंग घाटात बघून येऊ. उद्या पोरीले आणायचं शे."

मी नको म्हणायला हवं होतं. गेलो.

घाट चढेपर्यंत काही नाही. वरून गाडी वळवली आणि उतार लागला. पुढे कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक, अंगावर येईल असा फुगलेला. पहिल्या वळणाला नानांनी ब्रेक दाबला; गाडी हळू झाली, पण पाय बराच आत गेला. दुसऱ्या वळणाला आणखी आत. ट्रकने अचानक वेग कमी केला. नानांनी दाबलं, आणि पेडल थेट तळाला टेकलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

नाना ओरडले नाहीत. "बापू, दारावरचं हँडल धर," एवढंच. त्यांचा पाय भराभर पेडलवर नाचू लागला, हाताने गियर खाली, इंजिन किंचाळलं, मग हँडब्रेक थोडा थोडा वर. गाठींवरचं सुतळीचं विणकाम मला दिसायला लागलं. मी देवाचं नाव घ्यायला हवं होतं; माझ्या तोंडून "आई" निघालं. पेडल चौथ्या-पाचव्या दाबाला वर आलं. गाडी डावीकडच्या मुरमात शिरली, घसरली, उभी राहिली.

धूळ खाली बसली. नाना म्हणाले, "तुले लागलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. आता विचारतील म्हणून वाट बघत बसलो. त्यांनी विचारलं नाही. खाली उतरून ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या बाकावर मी मंडळींना किस्सा सांगितला. "नानांनी गाडीला नवे ब्रेक बसवले. ब्रेक घाटापर्यंत आमच्याबरोबर आले आणि तिथून रजेवर गेले!" काय हसले सगळे! कुणीतरी विचारण्याआधीच मी सांगून मोकळा झालो होतो. नाना आले, तेही हसले. किस्सा पारोळ्यावरून जळगावला नानांच्या आधी पोचला. जावयाचा फोन आला, अगदी अदबीने: "नाना, तुम्ही त्रास घेऊ नका, आम्ही आमच्या सोयीने येऊ." सुनंदा भाड्याच्या गाडीतून आली. नात आता सायकल चालवते. आजोबांच्या गाडीत ती आजवर बसलेली नाही. पाहुण्यांना पेडल दाबायला लावण्याचा नाद लागला तो तेव्हापासूनच.

गेल्या आठवड्यात सुनंदाचा फोन आला. "बापूकाका, दिवाळीला मला आणायला यायचं म्हणतात नाना. तुम्हीच समजवा. तुम्ही होतात ना त्या दिवशी घाटात?"

"होतो," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. गोळा, पाय, "नाही हो, नाना". मग मी उगाच म्हणालो, "ती सीट गंजलेली होती ना, पाय नीट सरळ होत—"

"गंजलेली नाहीये, काका. हवा काढायला आई बसायची वर. तिच्या उंचीला लावलेली आहे ती."

संध्याकाळी गेलो. नाना पत्र्याखालीच होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी पाय उचलला होता."

"माले माहीत शे." फडक्याला हात पुसत म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पेडलला लाकूड टेकवून एकट्याने हवा काढली. त्याच चाकातून बुडबुडे आले."

"मग बोलला का नाहीत? एवढी वर्षं लोक हसले!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सांगितलं असतं तर तू चहाले येणं बंद केलं असतंस. अक्का नुकती गेलेली. सकाळी दुसरं येत कोण होतं?"

नानांनी ब्रेक ऑइलचा नवा डबा उघडला. "सुनंदाचा फोन होता. आणायला या म्हणाली. बस वर." मग त्यांनी दार उघडलं, सीटखालचा खटका ओढला. रेल लोण्यासारखी सरकली. "घे मागे. तुझे पाय लांब शेत."

"नको," मी म्हणालो, आणि सीट होती तिथे पुन्हा ओढून घेतली. गुडघे छातीशी आले.

नाना चाकाशी जाऊन बसले. "दाब."

दाबलं.

"धर."

धरलं. खालून पान्याचा आवाज आला, मग थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. पोटरीत गोळा येऊ लागला होता, तरी पाय दाबलेलाच ठेवला. नाना अजून 'सोड' म्हणाले नव्हते.