कोंबड्याविना पेत्र

“आधी शुभवर्तमान वाच, मग लाकडाला हात लाव. आणि मिरवणूक निघेल तेव्हा आपल्या संताच्या रथाची दोरी धर. लपून बसू नकोस.”

एलपिद्योच्या आईचे हे शब्द. ती स्वतः संतांच्या मूर्ती कोरायची, आणि शेवटच्या दुखण्यात तिने त्याच्याकडून तसं वचनच घेतलं होतं. पण आजवर त्याच्या वाट्याला दुरुस्तीच आली; कुणा संताचं नाक, कुणा देवदूताचा पंख. यंदा मात्र अख्खा संत मिळाला. गावातल्या बड्या घरच्या दोन्या कोन्सोर्सियांकडची संत पेत्राची जुनी मूर्ती वाळवीने पोखरली होती, म्हणून त्यांनी नवी कोरायला त्याला सांगितलं.

लाकूड कोरणाऱ्यांच्या त्या सरोवरकाठच्या गावात, ईस्टरआधीच्या पवित्र बुधवारी, संतांच्या मिरवणुकीत पेत्राचा रथ सगळ्यांच्या पुढे असतो आणि पेत्राशेजारी खांबावर कोंबडा असतो. लहान मुलंसुद्धा कोंबड्यावरूनच त्याला ओळखतात.

एलपिद्योने उपवासकाळात रोज पहाटे लूकच्या शुभवर्तमानातलं एकच पान वाचलं. प्रभूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र ‘मी त्याला ओळखत नाही,’ असं तिसऱ्यांदा म्हणतो, प्रभूने आधीच सांगितल्याप्रमाणे कोंबडा आरवतो, आणि प्रभू वळून पेत्राकडे बघतो. दर वेळी त्याचं बोट तिथेच थांबायचं. पेत्राला रडवलं ते कोंबड्याने नव्हे, त्या बघण्याने, हे त्याला एके दिवशी इतकं लख्ख कळलं की पटाशी हातातच राहिली. मग त्याने पेत्राची मान वळवली, ओठ किंचित उघडे ठेवले आणि आत्ताच कुणाची तरी नजर भिडावी तसे डोळे कोरले. कोंबडा कोरलाच नाही.

बुधवारी दुपारी दोन्याबाईंनी रथाभोवती एक फेरी मारली.

“कोंबडा कुठाय?”

“बाई, प्रभूनं पेत्राकडं नुकतंच पाहिलंय. कोंबड्याचं काम संपलं.”

“प्रभूनं पाहिलं असेल. गावाला काय दिसणार? मान अवघडलेला म्हातारा.”

गाव हसलं तर मूर्ती परत न्यायची, असं त्यांनी बजावलं. तेवढ्यावर न थांबता शेजारच्या तिबुर्सियोचा झुंजीचा कोंबडा मागवून खांबाला बांधला. रविवारी त्याची झुंज आहे, त्याचं मन दुखवू नका, एवढंच तिबुर्सियोचं म्हणणं होतं.

तिन्हीसांजेला रथ निघाला तशी एलपिद्योने दोरीकडे पावलं टाकली. पण कोंबडा लोकांकडे पाठ करून बसलेला दिसला, आणि आता लोक हसणार या धास्तीने एलपिद्योची पावलं बिबिंका, म्हणजे तांदळाचा केक, भाजणाऱ्या बाईच्या गाडीमागे वळली. बाया छातीवर क्रूस काढत होत्या. पुरुष मात्र कोंबड्याचे पाय न्याहाळून रविवारच्या पैजेबद्दल शंका काढत होते.

चौकात कोंबडा उडाला, पेत्राच्या टकलावर बसला आणि पंखांत मान घालून झोपी गेला. लोक हसले. दोन्याबाईंनी कोंबड्याच्या पायाची दोरी ओढायला माणूस धाडला. तो माणूस रथांच्या दिव्यांसाठी लावलेल्या जनरेटरच्या वायरीत अडकून पडला आणि दिवे गेले. पेत्राला ओलांडून कुणी पुढे जायचं नसतं, म्हणून सगळी मिरवणूक अंधारात थबकली.

“संताच्या डोक्याचं खुराडं झालं की,” बिबिंकावाली म्हणाली. “तूच केलास ना तो?”

“मी? नाही हो.”

“अंगावर तर भुसा दिसतोय,” शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं.

“या गावात कुणाच्या अंगावर नसतो?”

तेवढ्यात कोंबडा शोधत तिबुर्सियो बॅटरी घेऊन आला. “एलपिद्यो, तुझा संत माझं पाखरू सोडेना बघ.”

“कुठला संत? मी त्याला ओळखत नाही.”

शब्द तोंडातून निसटले आणि त्याच क्षणी कुणीतरी वायर जोडली. सगळे दिवे एकदम लागले. कोंबड्याला वाटलं, उजाडलं. त्याने मान ताणली आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा आरवला.

हसू जागच्या जागी विरलं. कोंबड्याखाली पेत्राचा चेहरा उजळला होता, आणि त्याची वळलेली मान, ते ओले वाटणारे डोळे थेट बिबिंकाच्या गाडीकडे लागले होते. आपणच कोरलेले ते डोळे एलपिद्योला सोसवेनात. बिबिंकावालीने झाकण खाली ठेवलं आणि हात जोडले. दोन्याबाई रस्त्यातच गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्या हलक्या आवाजात बोलल्या.

“तिबुर्सियो, तुझा कोंबडा उतरव बाबा. आता त्याची गरज नाही.”

एलपिद्योने बाहीने तोंड पुसलं, तर भुसा गालांना चिकटला. गाडीमागून तो बाहेर आला, कुणाकडे न बघता रथाच्या पुढे गेला आणि दोरी हातात घेतली.