थंड-गरमातला तज्ज्ञ

गेली बावीस वर्षं मी फ्रीज दुरुस्त करतो. थंड-गरम या विषयात मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी घरात ऊठसूट सांगत असतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आमची लेक दहा वर्षांची. वर्गात तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. पण शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने तुरटीच्या पाण्यात दोरा सोडून चाळीस दिवसांत अंगठ्याएवढा स्फटिक वाढवला होता, आणि त्याच्याबद्दल ती चक्क सगळ्यांसमोर बोलणार होती. आदल्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मला वाटलं, बापाने थोडा हातभार लावावा. पाणी गार झालं की तुरटी बाहेर पडते, एवढं मला ठाऊक होतं. बरणी उचलून फ्रीजरमध्ये ठेवली.

तासाभराने पाहतो तो बरणीत वाळूच वाळू! स्फटिकाच्या अंगावरही पुरळ उठल्यासारखे बारीक खडे. म्हटलं, जरा गरम केलं की जाईल. बरणी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवली. वाळू विरघळली, मी खूश. तेवढ्यात गिऱ्हाईकाचा फोन आला. कॉम्प्रेसरबद्दल दहा मिनिटं अक्कल पाजळून परत आलो, तर बरणीत नुसता दोरा.

धावत न्हाव्याकडे गेलो आणि त्याचा तुरटीचा खडा मागून आणला. दोऱ्याला बांधतच होतो, तेवढ्यात लेक दारात.

तिने खडा हुंगला. "बाबा, याला दाढीच्या साबणाचा वास येतोय."

मी सगळं कबूल केलं. ती रडली. मलाही रडू आलं. मग डोळे पुसून तिने बरणीत पाहिलं.

"गेला कुठेच नाही, बाबा. पाण्यातच आहे."

काडेपेटीत जपून ठेवलेला तुरटीचा एक कण तिने काढला. मी तो लगेच पाण्यात सोडायला निघालो, तर म्हणाली, "थांबा, अजून गरम आहे. हाही विरघळेल."

पाणी जेमतेम कोमट उरल्यावर तिने तो कण दोऱ्याला बांधून आत सोडला आणि बरणी माझ्या जाड स्वेटरमध्ये गुंडाळली. सावकाश गार व्हायला हवं म्हणे. सकाळी दोऱ्याला नखाएवढा, स्वच्छ स्फटिक लटकत होता.

प्रदर्शनात ती शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी बोलली. "मोठा स्फटिक बाबांनी घाई करून विरघळवला. हा छोटा बाबांच्या स्वेटरमध्ये वाढला." पालकांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला. बाईंनी कौतुकाने विचारलं, बाबा काय करतात? तेही तिने तितक्याच खणखणीत आवाजात, अभिमानाने सांगितलं.

त्यानंतर त्या पालकांपैकी एकाचाही फ्रीज बिघडलेला दिसत नाही.