नीलाताईंची घागर

"या अष्टमीला घागर थकेल, मी नाही!" असं जाहीर करून नीलाताईंनी मनगट पुढे केलं. ठाण्याहून खास त्यासाठी आलेल्या केदारने आईला स्मार्टवॉच बांधलं.

गेल्या नवरात्रात डोंबिवलीच्या हॉलमध्ये, महालक्ष्मीपुढे घागर फुंकताना त्यांचा दम संपला होता. धुपाचा धूर दिलेल्या घागरीच्या तोंडाशी फुंकर घालून ती घुमवायची, डुलायचं, पुन्हा फुंकायचं. लग्न झाल्यापासून त्या हे करत आल्या होत्या. आणि गेल्या वर्षी कुणीतरी त्यांच्यासाठी चक्क खुर्ची आणली. खुर्ची!

"हळूहळू वाढवायचं हं आई. ठोके फार वाढले की मला मेसेज येईल. तसं वारंवार झालं तर यंदाची घागर बंद."

"अरे, जन्मभर विज्ञान शिकवलंय मी. कळतं मला."

आणि खरंच कळत होतं. ठाकुर्लीच्या गल्ल्यांतून त्या दर आठवड्याला थोडंच जास्त चालत. चालताना गप्पा मारता आल्या तर वेग बरोबर, हा त्यांचा नियम. सोबत त्यांचे यजमान, प्रभाकरराव असत. गप्पा ऐकून घाम त्यांना फुटे. घड्याळ मात्र खूश!

घोडं अडलं ते घागरीपाशी. स्वयंपाकघरात दोनच फुंकरा मारल्या, तर घड्याळ थरथरलं आणि लगेच फोन वाजला.

"आई, काय करतेस?"

"पोहे परततेय."

"पोह्यांना एवढे ठोके?"

"कांदा जास्त होता!"

"पुन्हा मेसेज आला तर घागर बंद!"

घड्याळ काढून ठेवलं तर तेही केदारला कळणार. म्हणून सरावाच्या वेळी नीलाताईंनी ते नवऱ्याच्या मनगटावर चढवलं.

"तुमच्याइतके शांत ठोके अख्ख्या ठाकुर्लीत कुणाचे नाहीत. घालून बसा नुसते."

प्रभाकरराव निमूटपणे घड्याळ घालून खाली सोसायटीच्या मीटिंगला गेले. नीलाताईंनी दार लोटलं आणि घागर उचलली. दोन फुंकरा, विश्रांती, मग तीन. घागर अशी घुमायला लागली की फोन काय, शेजारचं कुत्रंही ऐकू येईना!

अचानक दार धाडकन उघडलं. केदार! घामाघूम!

"आई, आडवी हो! पाय वर घे!"

"कशाला?"

"बसल्या जागी ठोके जिने चढल्यासारखे! फोन का उचलत नाहीस? शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये जीव अर्धा झाला माझा!"

नीलाताईंनी आपल्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं. हातातली घागर सुटता सुटता वाचली.

"अरे देवा! खाली चल आधी!"

खाली प्रभाकरराव हाताची घडी घालून बसले होते. चेहरा बिटासारखा लाल. समोर सेक्रेटरी बाबुराव समजावत होते, "तुमचं छत गळत नाही हो. त्याला घाम येतो!"

"मी एक शब्द बोललो नाही," प्रभाकरराव अभिमानाने म्हणाले.

डॉक्टरांनी तपासलं. काळजीचं काही नव्हतं, पण प्रेशर चढलेलं. "रोज चाला, हळूहळू वाढवा. आणि मीटिंगला बायकोला पाठवा." घड्याळ कायमचं प्रभाकररावांचं झालं. केदार दोघांवर दोन दिवस रागावला, मग आईला म्हणाला, "फुंक, पण थांबत थांबत."

अष्टमीला नीलाताई तशाच फुंकत होत्या. थोडं फुंकायचं, डुलायचं, दम घ्यायचा. घागर घुमत होती, बाजूच्या बायका दमून बसत होत्या आणि त्या अजून उभ्या होत्या! आता फक्त आरतीपर्यंत टिकायचं होतं.

एवढ्यात त्यांची नजर समोर गेली. गेल्या वर्षीच्याच त्या खुर्चीत, टोकाला सरकून, श्वास रोखून प्रभाकरराव बसले होते. मनगटावरचं घड्याळ थरथरत होतं आणि कानाला फोन होता.

"नाही रे केदार, मीटिंग नाही! तुझी आई फुंकतेय!"

नीलाताईंनी घागर खाली ठेवली. दम अजून भरपूर शिल्लक होता. त्याचंच तर वाईट वाटलं!

"अगं, कुणीतरी अजून एक खुर्ची आणा," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याचं मनगट धरून त्याचे ठोके उतरायची वाट पाहत बसल्या.