एंडेलचा सल्ला आणि तळ्यातली झाडं

माझा राग एंडेलवर आहे आणि तो मी सोडणार नाही. (थोडा स्वतःवरही आहे, पण तो धरायचं काम बायको माझ्यापेक्षा चांगलं करते.)

आमच्या परसातल्या तळ्यासाठी विर्वेनं, म्हणजे बायकोनं, तीन रोपवाटिका पालथ्या घालून पाण्याखाली वाढणारी झाडं निवडली. मांजराच्या शेपटीसारखी झुपकेदार! गरम देशांतली देखणी झाडं तिनं साफ नाकारली.

"ही थंडीत आपली आपण तळाशी बसतात," तिनं बजावलं. "हात लावू नकोस. माझ्या बाबांनी सोडलेले मासे आहेत त्यात."

ऑक्टोबरात ती आठवडाभर बहिणीकडे तार्तूला गेली. लगेच शेजारचा एंडेल कुंपणावरून डोकावला.

"अरे रैवो, गारठ्यात मरतील ती! आत घे."

"विर्वे नको म्हणालीय."

"घरात तुझं काही चालतं की नाही?"

झालं! मी लांब बूट चढवले, कुडकुडत चिखलात उतरलो, सगळी झाडं उपटली आणि सौनातल्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघरातल्या, भट्टीशेजारच्या पाण्याच्या टाकीत नेऊन टाकली. टाकी थंडगार, जागा अंधारी. मला माझंच कौतुक वाटलं.

शनिवारी विर्वे यायची होती, म्हणून एंडेलनं (शेजारधर्म म्हणे!) मला न विचारता सौना तापवला आणि स्वतःच आधी आत जाऊन बसला. थोड्या वेळानं बोंब ऐकू आली. टॉवेल सावरत तो बाहेर धावला. टकलावर हिरव्या झिपऱ्या!

"टाकीत काय घातलंयस रे? भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी मारलं तर सडक्या कोबीचा वास सुटला!"

नेमकी विर्वे फाटकात उभी. तिनं त्याच्या टकलाकडे पाहिलं, मग तळ्याकडे, मग माझ्याकडे.

"ही माझी झाडं आहेत?"

"होती," एंडेल म्हणाला.

"एंडेल, घरी जा. आहेस तसा! आणि रैवो, एक जरी मासा मेला ना, तर तूही त्याच्याकडेच राहायला जा."

हिवाळाभर ती माझ्याशी बोलली नाही. मी रोज सकाळी उकळत्या पाण्याचं पातेलं गोठलेल्या तळ्यावर ठेवून माशांना हवा मिळावी म्हणून बर्फातलं भोक मोकळं करायचो, आणि रोज एंडेलला नवी शिवी शोधायचो.

मे महिन्यात तळं निवळलं. मासे सगळे जिवंत! आणि झाडं पूर्वीपेक्षा दाट!

विर्वे काठावर वाकून म्हणाली, "तू उपटायच्या आधीच कोंब गळून तळाशी गेले होते, त्यातूनच ही फुटली. अर्धी झाडं तर तशीच राहिली होती."

माझी छाती फुगली. "म्हणजे माझ्यामुळे काहीच बिघडलं नाही!"

"नाही ना," ती म्हणाली. "नशीब माझं, तुला धड उपटतासुद्धा येत नाही."