हात लावू नका, पुन्हा बनवा

आमच्या ऑफिसात भरीत पार्टी असली की वायकोळे नानांच्या पातेल्याजवळ कुणी मीठ ठेवत नाही. चव घेऊन कुणी "जरा अळणी वाटतंय" म्हटलं, की नाना शांतपणे झाकण लावतात. "झालेल्या भरिताला वरून हात लावायचा नाही. फ्लॅग आधी सांगायचे होते. आता वांगी भाजा आणि पुन्हा बनवा." एकदा खरंच पुन्हा बनवलं. जेवायला चार वाजले, पण मीठ बरोबर होतं.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. विहिरीवरच्या मोटरला लावायचा डबा आम्ही बनवतो. मोटर चालू झाली की डबा मालकाला फोन करून तसं कळवतो. नाना त्याचा प्रोग्रॅम लिहितात आणि मी तो तपासते. गिऱ्हाईक तितक्या तऱ्हा. कुणाला थ्री फेज हवं, कुणाला मराठी आवाज, कुणाला अहिराणी, बऱ्हाणपूरकडच्यांना हिंदी. प्रत्येक तऱ्हेचा एक फ्लॅग, म्हणजे चालू की बंद एवढीच खूण. प्रोग्रॅम तयार करताना हे फ्लॅग दिले, की नानांची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप काम उरकणारा एक छोटा प्रोग्रॅम, त्यावरून हेडर फाईल बनवते. या डब्यात काय आहे नि काय नाही, हे त्या फाईलीवरून प्रोग्रॅमला कळतं. तिच्या पहिल्या ओळीत स्क्रिप्ट स्वतःच लिहून ठेवते, "हात लावू नका. पुन्हा बनवा."

आमच्या महाजनने एकदा घाईत हात लावला. स्क्रिप्ट कोण चालवत बसणार म्हणून त्याने हेडर उघडून हातानेच ओळी बदलल्या, आणि शिरपूरकडच्या एका आजींच्या डब्यात हिंदी आवाज गेला. मोटर चालू राहिली, शेताचं तळं झालं. आजींना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "एक बाई रोज हिंदीमा काय काय बोलस, मी फोन ठेई देस. बँकवाली व्हई." तेव्हापासून नाना दिसले की महाजन हात खिशात घालतो.

नानांचं घरीही तेच. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, तर नाना म्हणाले, "नुसते फ्लॅग सांगा. मीठ?" बंद. "साखर?" बंद. "चहा?" डॉक्टर सज्जन माणूस, चहा चालू ठेवला.

त्या चहाची एक गंमत होती. सकाळी ऑफिसात चहा आला की नाना कप समोर घेऊन नुसते बसत. थोड्या वेळाने त्यांचा फोन एकदाच वाजे. ते उचलत नसत. "झालं," एवढं म्हणत आणि मग कप तोंडाला लावत. आम्ही पुष्कळ चिडवलं. या वयात मिस्ड कॉल कोण देतं, असंही विचारून झालं. नाना हसत, पण सांगत नसत.

मग पुण्याहून नवे साहेब आले. इतक्या तऱ्हांचे डबे कशाला, म्हणून त्यांनी फ्लॅग कमी करायला घेतले. 'हजेरी' नावाचा एक फ्लॅग निघाला, तो लावल्यावर मोटर चालू झाली की दुसऱ्याही एका नंबरवर रिंग जायची. तसा डबा सबंध खानदेशात एकच होता.

"गिऱ्हाईक कोण?" साहेबांनी विचारलं.

"आहे एक. राहू द्या, साहेब."

"बघू," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी नाना कामाला धुळ्याला गेले असताना त्यांनी तो फ्लॅग स्क्रिप्टमधून काढला आणि नवा प्रोग्रॅम सगळ्या डब्यांना पाठवून दिला. नानांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या सकाळी चहा आला. फोन वाजला नाही. चहावर साय धरली. नानांनी कुठेतरी फोन लावला, पुन्हा लावला, आणि उठले. चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या हातात गाडी द्यायला मी धजेना, म्हणून मीच चालवायला बसले.

"फैजपूर," ते म्हणाले. वाटेत हळूहळू बोलले. वडील, आबा, तिथे एकटे राहतात. जळगावला यायचं नाव काढत नाहीत. फोनवर बोलणं जमत नाही, आबांना ऐकू कमी येतं आणि नानांना बोलायला कमी सुचतं. "सकाळी विहिरीवर बटण दाबलं की मला रिंग येते. म्हणजे आबा उठले."

आबा विहिरीच्या कठड्यावर ऊन खात बसले होते. "आज काहून आला रे?" त्यांनी विचारलं. नाना सरळ डब्याकडे गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ती बराच वेळ हलत होती, आणि मी केळीच्या बागेकडे बघत राहिले.

आबांच्या कानाशी जाऊन मी म्हटलं, रोज सकाळी पाणी द्यायला येता, दगदग होत असेल.

"पानी कशाले?" आबा म्हणाले. "शेत तं केव्हाचं बटाईनं देलं. पानी बटाईवाल्याच्या बोअरचं. पन सून सांगे, बटन दाबल्याबिगर हा तिकडे चहा पेत नाही. मंग येतो दाबून."

हे मी नानांना परतीच्या वाटेत सांगितलं. त्यांनी काच खाली केली आणि तोंड बाहेर वळवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचले तर नाना माझ्या आधी आले होते. स्क्रिप्ट आता त्यांचा फ्लॅग घेत नव्हती. समोर हेडर फाईल उघडी होती, वर त्यांचाच इशारा, आणि त्याच्या खाली नाना एका बोटाने, जपून, एक ओळ टाकत होते.

"नाना, हाताने?"

"बाकी सगळं पुन्हा बनवता येतं गं, ताई."

साहेब मागून गेले. थांबले, स्क्रीनकडे पाहिलं आणि आपल्या खोलीत गेले. नानांनी तो प्रोग्रॅम फैजपूरच्या डब्याला पाठवला.

चहा आला. आम्ही सगळेच कप समोर घेऊन बसलो, महाजनसुद्धा. फोन वाजला. एका रिंगेनंतर तो थांबायचा, पण त्या दिवशी नानांनी त्याआधीच उचलला. आतून डब्याचा ठरलेला आवाज आला, "नमस्कार. मोटर चालू झाली आहे."

"हो, आबा," नाना त्याला म्हणाले.