खानझोडे पॅसेंजर

खानझोड्यांना आम्ही पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा संध्याकाळी सातची वेळ दिली होती. सातला आठ मिनिटं कमी असताना मी सहज पडदा सरकवला, तर भर पावसात आमच्या फाटकाबाहेर नवरा-बायको एका छत्रीखाली उभे. वहिनींच्या हातात स्टीलचा डबा, खानझोडेची नजर मनगटावर. मी दार उघडून हाक मारली, तर त्याने हात वर करून मलाच थांबवलं. बरोबर सातला बेल वाजली.

"अरे, बाहेर काय करत होतास?"

"आउटरला उभा होतो," तो बूट काढत म्हणाला. "सिग्नल सातचा आहे. आधी कसा घुसणार बे?"

मी पुण्याचा. पाहुण्याला दारात ताटकळत ठेवण्याचं पुण्य आमच्या नावावर आधीच पुष्कळ जमा आहे. हा नागपूरकर त्यात स्वतःहून भर घालत होता.

प्रमोद खानझोडे आणि मी एकाच कंपनीत होतो. ऑफिस ब्रॅकनेलला, दोघांची घरं मेडनहेडला. तो टेस्टर, म्हणजे आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. वडील नागपूरकडच्या छोट्या लाइनवर स्टेशनमास्तर होते, एवढं तो ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत सांगायचा. त्यापुढे काही सांगायचा नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण माणूस राहायचाच रेल्वेत. घरी फ्रिजवर त्याचं स्वतःचं टाइमटेबल लावलेलं होतं. घरून सुटणार सात-बारा, कोपऱ्यावरची पोस्टाची पेटी सात-सोळा, बसस्टॉप सात-एकवीस. एकदा वहिनींनी त्यावर कोथिंबिरीची जुडी आणायची चिठ्ठी चिकटवली, तेव्हा त्याने तिच्याखाली 'विशेष गाडी' असं लिहून वेळ टाकली.

ऑफिसात प्रत्येक प्रोजेक्टचा अहवाल तीन रंगांत द्यायचा असे. सगळं ठीक असेल तर हिरवा, बुडालं असेल तर लाल, आणि नक्की काय झालंय हे साहेबाला कळू द्यायचं नसेल तर पिवळा. आमचं सगळं खातं वर्षानुवर्षं पिवळं होतं. पिवळ्यावर कित्येकांची बढती झाली, माझीही झाली. खानझोडे मात्र पिवळा भरायचाच नाही. "गाडी एक तर चालते नाही तर थांबते," तो म्हणायचा. "हे मधातलं काय असते?" त्यामुळे दर सोमवारी तेवीस पिवळ्या चौकोनांत त्याचा एक लालभडक चौकोन असायचा आणि मीटिंग पाऊण तास लांबायची. त्याची बढती का झाली नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

त्या दिवसांत इंग्लंडात पळण्याची साथ आली होती. आमचा मॅनेजर कुठल्याशा धर्मादाय कामासाठी धावला, रिसेप्शनवरची बाई धावली. मग मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात खानझोडे उभा राहिला आणि म्हणाला, "मी मॅरेथॉन धावून राहिलो." सभागृहातल्या सगळ्यांची नजर त्याच्या पोटाकडे गेली. खानझोडेचं पोट त्याच्या आधी दोन मिनिटं स्टेशनात शिरतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"बेचाळीस किलोमीटर?" मी विचारलं.

"जुन्या रेल्वे लाइनवरून आहे," तो म्हणाला, जणू त्यामुळे अंतर कमी होणार होतं.

साउथहॅम्प्टनच्या अलीकडे एक बंद पडलेली लाइन होती. रूळ कधीच उखडून नेलेले, आता नुसता खडीचा रस्ता, त्यावर सायकली आणि कुत्री. गाडीला चढ मानवत नाही, म्हणून शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ती बांधली त्यांनी टेकड्या कापून आणि खड्डे भरून ती सपाट केलेली. शर्यतीच्या पत्रकात लिहिलं होतं, की मार्ग 'मोस्टली फ्लॅट' आहे. दुसरा माणूस हे वाचून बूट विकत घेतो. खानझोडेने आयोजकांना ईमेल पाठवली की 'मोस्टली' म्हणजे काय ते स्पष्ट करावं. उत्तर आलं, की एका ठिकाणी पूल पडलाय, तिथे खाली उतरून परत वर चढावं लागेल. त्याने ते पत्रकावर लाल पेनाने लिहून ठेवलं आणि मगच पैसे भरले.

सरावाला तो थेम्सच्या काठाने धावायचा आणि मी शेजारून सायकल चालवायचो. चालवायचो म्हणजे पडू नये एवढ्यापुरतं पेडल मारायचो. बदकं आम्हाला मागे टाकून जायची. सहा तासांची मुदत होती, त्यानंतर शर्यत बंद. मी हिशेब करून सांगितलं की या गतीने तू जेमतेम पोचशील.

"त्यात सहा हॉल्ट धरले का?" त्याने विचारलं.

"कसले हॉल्ट?"

वाटेत सहा जुन्या स्टेशनांचे फलाट अजून शाबूत होते. गाडी नाही, तिकीट नाही, फलाटावर ब्लॅकबेरीची झुडपं, पण खानझोडे तिथे प्रत्येकी एक मिनिट थांबणार होता. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, अरे, तिथे कोण चढणार आहे?

"ते आपण ठरवायचं नसते," तो म्हणाला. "पॅसेंजर आहे. स्टेशन आलं की थांबायचं. पॅसेंजर लेट होते बे, पण रद्द होत नाही."

हे त्याचं ब्रीदवाक्य. त्याचा व्हिसा लांबला तेव्हाही त्याने हेच म्हटलं होतं आणि घर तापवणारा बॉयलर दुरुस्त करणारा अकरा दिवस आला नाही तेव्हाही. नऊला सुटून दोन-पन्नासला पोचायचं, असं टाइमटेबल त्याने काढलं. मुदत तीनची. दहा मिनिटं हातची.

ती दहा मिनिटं कुठे गेली, हे सांगायचं तर मंडळाच्या अध्यक्ष पेंडसे काकूंचं नाव घ्यावं लागेल. आपला माणूस एवढे बेचाळीस किलोमीटर धावणार आणि त्याला इंग्रजांनी केळ्याचा तुकडा आणि साखरेचं पाणी द्यायचं, हे काकूंना पटेना. त्यांनी कार्यकारिणीची बैठक बोलावली आणि सहा स्टेशनं सहा घरांना वाटून दिली. बैठकीत मीही होतो. हा घोटाळा तेव्हाच लक्षात यायला हवा होता, पण मी बटाटेवड्यांच्या बाजूने मत दिलं.

शर्यतीच्या सकाळी खानझोडेने एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "शेवटी तू उभा राहा. मी दिसलो की यातलं लाल काढून दाखव. लाल दाखवल्याशिवाय मी थांबत नसतो."

"रेषा ओलांडलीस की थांबायचं, एवढं सोपं आहे ते."

"तू लाल दाखव फक्त," तो म्हणाला. एरवी तो वाद घालायचा. त्या दिवशी घातला नाही.

पहिल्या स्टेशनावरून पावणेदहाला फोन आला. खानझोडे वेळेवर आला होता, पण उपमा खाऊन आठ मिनिटांनी गेला. मी फोनवर ओरडलो, तर पलीकडून उत्तर आलं, "अहो, त्यांनी 'पुरे' म्हटलं, पण 'पुरे' काय सगळेच म्हणतात." दुसऱ्या स्टेशनावर साबुदाण्याची खिचडी होती. तिसऱ्या स्टेशनावरच्या वहिनींना कळलं की त्याने आधीच्या दोन घरचं खाल्लंय, त्यामुळे त्यांच्या घरचं न खाणं शक्यच नव्हतं. तिथे दोन इंग्रज धावपटूही बटाटेवडे खायला थांबले, आणि त्यातल्या एकाने पुढची शर्यत सोडून दिली असं मला नंतर कळलं. चौथ्या स्टेशनापुढे तो पडलेला पूल होता. खाली उतरताना खिचडी आणि उपमा एक झाले आणि वर चढताना खानझोडे चक्क बसला. "इंजिन गरम झालं," असा त्याने निरोप पाठवला.

शेवटच्या स्टेशनावर स्वतः पेंडसे काकू. काकूंना नाही म्हणणारा माणूस अजून आमच्या बर्कशायरमध्ये जन्मायचाय. खानझोडे तिथून निघाला तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि आठ किलोमीटर बाकी होते.

इकडे शेवटच्या रेषेपाशी मी आणि खानझोडेची बायको, माधुरी वहिनी, उभे. तीन वाजले. आयोजकांपैकी पिवळं जाकीट घातलेल्या एका म्हाताऱ्याने रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडली आणि ती हळूहळू गवतावर आडवी झाली. मी त्याला माझ्या उत्तम इंग्रजीत सांगितलं की आमचा एक माणूस अजून यायचाय. "सॉरी, मेट," तो म्हणाला. "इट्स गॉन थ्री." मुदत म्हणजे मुदत. हेच वाक्य मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलोय.

कंटाळून मी पिशवी उघडली. आत दोन निशाणं होती, वेताच्या दांड्यांना गुंडाळलेली. एक हिरवं, एक लाल. लाल उन्हाने विटून विटकरी झालेलं.

"हे काय, वहिनी? घरात गार्डाचा डबाच आहे की," मी हसत म्हटलं.

वहिनी हसल्या नाहीत. "आबांची आहेत ती," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांची."

मग त्यांनी सांगितलं. खानझोडे इंग्लंडला निघाला त्या दिवशी आबा ड्यूटीवर होते. घरचं सगळं माणूस डब्याच्या खिडकीशी गोळा झालेलं आणि आबा टोपी घालून फलाटाच्या टोकाला. मुलगा पाया पडायला गेला तर म्हणाले, ड्यूटीवर आहे, लवकर बस. हिरवं दाखवून त्यांनी गाडी सोडली. पण सोडायच्या आधी खिडकीपाशी येऊन एवढं म्हणाले, "परत येशील तेव्हा मीच लाल दाखवून उतरवून घेईन."

"तिथे प्रत्येक गाडी थांबायचीच," वहिनी म्हणाल्या. "लाल दाखवायची काही गरज नव्हती. पण बोलणं असं होतं त्यांचं."

चार वर्षांनी आबा गेले. त्या वेळी दोघांचे पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी पाठवलेले होते. कागद आल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. रोज पोस्टमनची वाट पाहायची. पासपोर्ट आले ते सतराव्या दिवशी. तेरावं उरकून गेलं होतं. "नंतर जाऊन आलो आम्ही," वहिनी म्हणाल्या, "पण हे स्टेशनावर उतरलेच नाहीत. नागपूरहून टॅक्सीनं गेले. म्हणाले, तिथे आता कोण उभं आहे?"

मला त्या अकरा दिवसांच्या बॉयलरवरून केलेले विनोद आठवले. व्हिसा लांबला तेव्हा 'पॅसेंजर रद्द होत नाही' म्हणून मी त्याची ऑफिसभर नक्कल केली होती, ते कोणते दिवस होते हेही मला तेव्हाच उमगलं. मला स्वतःची अतिशय लाज वाटली. मी दोन्ही निशाणं नीट गुंडाळून हातात धरली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

टेबलं गेली, पाण्याची पिंपं गेली. पिवळ्या जाकिटाचा म्हातारा तेवढा थांबला. त्याने शर्यतीची रेषा दाखवायला जमिनीवर लावलेली पांढरी पट्टी अर्धी सोलून काढली होती. मी त्याला म्हटलं, ती राहू दे. त्याने माझ्याकडे पाहिलं, निशाणांकडे पाहिलं, आणि पट्टी परत बुटाने दाबून बसवली.

वळणावर खानझोडे दिसला. धावत होता असं म्हणणं कठीण, पण थांबलेला नव्हता. शर्ट पोटाला चिकटलेला, चेहरा लाल, आणि हातात, देवाशपथ सांगतो, पेंडसे काकूंनी वाटेत खायला म्हणून दिलेला डबा. आठ किलोमीटर तो त्याने सांभाळून आणला होता.

मी हिरवं काखेत दाबलं आणि लाल निशाण सोडवून पुढे धरलं.

"समथिंग राँग?" म्हाताऱ्याने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

खानझोडेने निशाण पाहिलं. त्याने पावलं आखडती घेतली, मग आणखी आखडती, आणि बरोबर पट्टीवर बुटाची टोकं टेकवून तो उभा राहिला. तो माझ्याकडे पाहतच नव्हता, नुसता त्या विटलेल्या कापडाकडे पाहत होता.

"किती लेट?" अखेर त्याने विचारलं.

माझ्या मनगटावर तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. आयुष्यात मी कुणाला एक मिनिटसुद्धा सोडलेलं नाही.

"राइट टाइम," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. मग मी पुढे झालो आणि गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या हातातलं सामान घेतात तसा त्याच्या हातातला डबा घेतला.