जज्ज एकनाथराव आणि पिंपातली बिअर

"अमेरिकेत बिअर मिळते, पण बिअर कळत नाही. ती कळायला इंग्लंडच्या पबात बसावं लागतं!" असं एकनाथ टिपणीस छातीठोकपणे सांगायचा. न विचारताही सांगायचा. ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी सांगायचा, पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडताना सांगायचा, आणि समोरचा गाडीत बसून निघून गेला तर त्याच्या धुराड्याला सांगायचा.

एकनाथ होता केमिकल इंजिनिअर. अमेरिकेत येण्याआधी काही वर्षं तो इंग्लंडात, लीड्सला होता. तिथल्या जुनाट पबांतून त्यानं ती खास पिंपातली एल, म्हणजे तिथली जुन्या पद्धतीची बिअर, चाखली होती. "ती जिवंत असते रे!" तो डोळे मिटून म्हणायचा. "पिंपात तिचं आंबणं चालूच असतं. वरून गॅस मारायचा नाही, बर्फासारखी गार करायची नाही. तळघरात निवांत ठेवायची आणि हातपंपानं हळूच ओढायची. नाहीतर तुमची ही डब्यातली! ती म्हणजे सोडा वॉटरला झालेली कावीळ!"

१९८६ च्या जानेवारीत हे ऐकणारा एक माणूस त्याला अखेर भेटला. एकनाथ राहायचा त्या नेपरव्हिलजवळ नॉर्मन नावाच्या, इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या एका गृहस्थानं अस्सल इंग्रजी पब काढायचं ठरवलं होतं. त्याचं नाव 'फॉक्स अँड बकेट'. थेट यॉर्कशरहून बिअरची पिंपं मागवली होती. एकनाथचं व्याख्यान त्यानं अर्धा तास ऐकलं आणि त्याचा हातच धरला.

"उद्घाटनाला तूच पहिला ग्लास चाखायचास. तू जज! तू पास म्हणालास तरच मी लोकांना देणार."

एकनाथ हवेत तरंगत घरी आला. पण दारातच जमिनीवर आला, कारण समोरच्या सोफ्यावर कानटोपी घालून त्याचे सासरे बसले होते.

सासरे म्हणजे जगन्नाथराव. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. कऱ्हाडकडच्या हायस्कुलाचे निवृत्त हेडमास्तर. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेले. चहासुद्धा व्यसन आहे म्हणून गवती चहा पिणारे! गावात दारूचं दुकान निघालं तेव्हा अण्णा त्याच्या दारात उपोषणाला बसले होते. दुकान काही बंद झालं नाही, अण्णांचं पित्त तेवढं कायमचं वाढलं. अशा माणसाला जावई बिअर चाखतो हे कळलं तर? इतकी वर्षं एकनाथनं ते कळू दिलं नव्हतं. अण्णा आले की फ्रीजमधले डबे तळघरात जायचे आणि एकनाथ ताक प्यायचा.

"अण्णांना सांगायचं, ऑफिसची मीटिंग आहे," त्यानं बायकोला, सरलाला, स्वयंपाकघरात कुजबुजत सांगितलं.

"मी नाही खोटं बोलणार. तुमची बिअर, तुम्हीच निस्तरा!" सरला म्हणाली आणि तिनं फोडणीत मोहरी टाकली. मोहरीसुद्धा त्याच्यावरच तडतडल्यासारखी वाटली.

गुरुवारी दुपारी एकनाथ ऑफिसात, सरला बँकेत, आणि घरात फोन वाजला. अण्णांनी उचलला. पलीकडे नॉर्मन होता. अण्णांचं इंग्रजी वाचण्यात पक्कं, पण यॉर्कशरचा माणूस बोलतो ते इंग्लंडमध्येही निम्म्यांना कळत नाही!

नॉर्मन म्हणाला, "टिपणीसला सांगा, शनिवारी सात वाजता. ही इज द जज. फर्स्ट कास्क. इट्स अ बिटर. द होल बार इज वेटिंग!"

बिटर ही इंग्लंडातल्या एका बिअरची जात आहे, हे अण्णांना कुठून माहीत असणार? आणि 'कास्क', म्हणजे पिंप, त्यांच्या कानात शिरेपर्यंत त्याचं 'केस' झालं. फोन ठेवून अण्णा सुन्न बसले. जावई जज्ज झाला! शनिवारी पहिली केस! प्रकरण बिटर, म्हणजे फारच विकोपाला गेलेलं. आणि सगळा बार, म्हणजे यच्चयावत वकील मंडळी, वाट बघतायत!

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण लगेच दुसरा फोन आला, तो डॉक्टर उल्हास खोपकरांचा. उल्हास पेशानं दातांचे डॉक्टर आणि पदानं महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. संक्रांतीच्या तिळगुळाचं विचारायला त्यांनी फोन केला होता. अण्णांनी त्यांना जे ऐकलं ते सांगितलं.

"काय सांगता! आपला एकनाथ? जज्ज?" उल्हास ओरडले. त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंट तसाच राहिला म्हणतात. "अण्णा, आता तुम्ही काही बोलू नका. आता मंडळ बोलेल!"

आणि मंडळ बोललं! संध्याकाळी एकनाथ घरी आला तर फोन थांबेना.

"अभिनंदन, न्यायमूर्ती!"

"अहो, कसला न्यायमूर्ती?"

"वा! काय विनय! यार, माझं ते स्पीडिंगचं तिकीट तेवढं बघा हं."

दुसरा म्हणाला, "शेजाऱ्याचं कुत्रं रोज माझ्या लॉनवर येतं. केस करू का? तुमच्याच कोर्टात लागेल ना?"

एकनाथला काही उमगेना. मग सरलानं अण्णांना विचारलं आणि सगळा घोळ बाहेर आला. ती ओट्याला धरून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एकनाथच्याही डोळ्यांत आलं, पण ते वेगळं होतं.

"अण्णा," तो चाचरत म्हणाला, "तो जज्ज म्हणजे... तसला जज्ज नाही हो."

"हायकोर्टाचा नसेल. खालच्या कोर्टाचा असेल. कुठलंही न्यायाचं काम मोठंच," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

"खालचंसुद्धा नाही."

"मग कसला?"

एकनाथनं तोंड उघडलं. डोळ्यांपुढे ते दारूचं दुकान आलं, दारात उपाशी बसलेले अण्णा आले. त्यानं तोंड मिटलं. "जाऊ द्या," तो म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडे चष्म्यावरून नुसतं पाहिलं. पुढचे दोन दिवस ते त्याच्याकडे तसंच पाहत राहिले. जेवताना बोलणं कमी, मधूनच एक सुस्कारा. एकनाथची खात्री पटली की म्हाताऱ्याला काहीतरी वास लागलाय!

शनिवारी त्यानं बेत केला की साडेसहाला गुपचूप मागच्या दारानं निघायचं, पबात जायचं, घोट घ्यायचा, मान डोलवायची आणि परत. पण गॅरेजचं दार वर गेलं आणि बघतो तर काय! ड्राइव्हवेच्या तोंडाशी उल्हासची लांबलचक स्टेशन वॅगन आडवी उभी! मागं आणखी गाड्या. पैठण्यांवर जाडजूड पार्का चढवलेल्या बायका, टायवर मफलर गुंडाळलेले पुरुष. उल्हासची बायको संध्या शाल आणि नारळ घेऊन उभी.

"पहिल्या दिवशी आपली माणसं कोर्टात नकोत का?" उल्हास म्हणाले. "तू पुढं हो, आम्ही मागून ड्राइव्ह करतो. अण्णा तुझ्या गाडीत!"

अण्णा कोट घालून तयारच होते आणि सरलाही.

एकनाथनं त्यांना चुकवायचा प्रयत्न केला. नाही असं नाही! डावीकडे वळला, उजवीकडे वळला, रेल्वे स्टेशनाला वळसा घातला, एका चर्चला दोन प्रदक्षिणा घातल्या. बर्फ भुरभुरत होता. पण उल्हासनी आयुष्यभर दाढा धरून ठेवल्या होत्या, ते पकड सोडणाऱ्यांतले नव्हते. सगळी वरात बरोबर 'फॉक्स अँड बकेट'च्या दारात उभी राहिली.

"इमारत जुन्या वळणाची दिसते," अण्णा म्हणाले.

आत शिरल्यावर तर मंडळींची खात्रीच पटली. भिंतींना काळं लाकूड, समोर उंच लाकडी कठडा, कठड्यामागे पांढरा शर्ट घातलेला गंभीर चेहऱ्याचा नॉर्मन, आणि कठड्यापुढे गोऱ्या माणसांची ही गर्दी. सगळे चूप. सगळे एकनाथकडे बघतायत!

"हिअर कम्स द जज!" नॉर्मन ओरडला. टाळ्या पडल्या. मंडळानंही वाजवल्या, जास्त जोरात.

मग नॉर्मननं कठड्यावरचा लांब दांडा धरून खाली ओढला. चूंऽऽ असा आवाज झाला आणि एका उंच ग्लासात तपकिरी, फेसाळ असं काहीतरी भरू लागलं.

मंडळाच्या टाळ्या एकेक करत विझल्या. संध्यानं नारळ पदराखाली घेतला. उल्हासनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांना भिंतीवरच्या बाटल्या दिसल्या.

"एकनाथ," ते हळूच म्हणाले, "अरे, हा तर बार!"

"मग फोनवर तेच सांगितलं होतं ना!" सरला म्हणाली. तिला पुन्हा हसू फुटायला लागलं होतं.

एकनाथ मागं वळला नाही. मागं अण्णा होते. त्यांची नजर त्याच्या मानेवर तापल्या इस्त्रीसारखी जाणवत होती. पण पुढं नॉर्मन होता. त्याच्या कपाळावर घाम होता. त्या माणसानं आपलं सगळं किडूकमिडूक या पबात घातलं होतं, हे एकनाथला ठाऊक होतं.

त्यानं ग्लास दिव्यासमोर धरला. बिअर गढूळ! पावसाळ्यातल्या ओढ्यासारखी. वास घेतला. घोट घेतला आणि जिभेवर फिरवला. यीस्टचा कच्चा, पिठूळ स्वाद आला. आता काय करावं? छान म्हणून मान डोलवली असती तर दोन मिनिटांत सुटका होती. पण एवढी वर्षं जिची आरती गायली, तिच्याबद्दल खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"पिंप कधी आलं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"आज सकाळी," नॉर्मन पुटपुटला. "बर्फात ट्रक अडकला होता. गाळ खाली बसायला वेळच नाही मिळाला रे तिला."

एकनाथनं ग्लास खाली ठेवला आणि लोकांकडे वळला. "लोकहो, बिअर उत्तम आहे, पण अजून झालेली नाही. प्रवासात ढवळली गेलीय. विरजण लागायच्या आत दही हलवलं तर काय होईल? तसंच हे. आज ही कोणी पिऊ नये. आठ दिवस तिला निवांत राहू द्या आणि पुढच्या शनिवारी या!"

एक जाडजूड गोरा म्हातारा म्हणाला, "ऑनेस्ट मॅन!" आणि सगळीकडे पुन्हा टाळ्या पडल्या. नॉर्मननं कठड्यावरून वाकून एकनाथचे दोन्ही हात धरले. "मला माहीत होतं. सांगायची हिंमत नव्हती. वाचवलंस!" त्यानं पंपाच्या दांड्यावर फडकं बांधलं आणि सगळ्यांना सूप आणि बटाट्याचे काप फुकट वाटायला सुरुवात केली.

एकनाथ अखेर मागं वळला. आता जे व्हायचं ते होवो!

अण्णा पुढं आले. त्यांनी त्या फडकं बांधलेल्या दांड्याकडे पाहिलं, ग्लासाविना उभ्या असलेल्या गर्दीकडे पाहिलं, आणि संध्याच्या हातातली शाल घेतली.

"एकनाथराव," ते म्हणाले, "मी दारूच्या दुकानापुढं उपाशी बसलो. दुकान तासभरसुद्धा बंद पडलं नाही. तुम्ही एका घोटात बंद पाडलंत!"

आणि त्यांनी जावयाच्या खांद्यावर शाल घातली! उल्हासना तेवढंच हवं होतं. त्यांनी लगेच चार शब्द बोलून नारळ दिला. गोऱ्यांना वाटलं, भारतात बिअरच्या जज्जांचा असाच मान ठेवतात. त्यांनी तिसऱ्यांदा टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना सरला मागच्या सीटवर पेंगत होती. गाडीत हीटरचा आवाज तेवढा येत होता.

"अण्णा, रागावलात?" एकनाथनं विचारलं.

"तुम्ही बिअर घेता हे मला केव्हाचं ठाऊक आहे," अण्णा समोरच्या बर्फाकडे बघत म्हणाले. "लीड्सहून तुम्ही लग्नानंतर फोटो पाठवला होतात. तुमच्या मागं दारूच्या दुकानाची पाटी होती. मला बोललेलं इंग्रजी कळत नसेल, वाचता येतं."

एकनाथनं गाडी जवळजवळ कडेच्या बर्फात घातली. "मग बोलला नाहीत कधी?"

"जावयाला काय बोलायचं? पण काळजी होती. या घोटाला अंत नसतो म्हणतात. गावात घरं बुडालेली पाहिली आहेत मी. त्यात हे जज्ज प्रकरण! म्हटलं, पिणारा माणूस, याच्या हातून कोणाचं काय होईल? दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. पण आज पाहिलं. भरलेला ग्लास हातात होता, सगळे तुम्ही पिण्याची वाट बघत होते, आणि तुम्ही एक घोट घेऊन तो खाली ठेवलात. आता मी निश्चिंत!"

एकनाथनं इतक्या वर्षांचा कोंडलेला श्वास सोडला. समोरची काच त्यानं धुरकटून गेली. त्या रात्री तो ताक न पिता झोपला, आणि असा झोपला की सरलाला त्याच्या घोरण्यामुळे दुसऱ्या खोलीत जावं लागलं.

पुढच्या शनिवारी अण्णा स्वतःच कोट घालून तयार झाले. "चला, निकालाचा दिवस," म्हणाले.

नॉर्मननं दांडा ओढला. काय सांगावं! ग्लासात मधासारखी नितळ बिअर उतरली. वर साईसारखा फेस. वास घेताच एकनाथला लीड्सची ती संध्याकाळ आठवली, पावसात भिजून पबात शेकोटीजवळ बसलेली. त्यानं घोट घेतला. इतकी वर्षं तो ज्या चवीच्या गोष्टी सांगत होता, ती हीच होती!

"पास!" तो ओरडला. "फर्स्ट क्लास!"

पबात एकच जल्लोष झाला. प्रत्येकाच्या हातात ग्लास आला. एकनाथनं भरल्या डोळ्यांनी आपला ग्लास दुसऱ्या घोटासाठी ओठांपर्यंत नेला.

खांद्यावर एक प्रेमळ हात पडला.

"झाला ना निकाल?" अण्णा कौतुकानं म्हणाले. "ठेवा मग तो खाली आणि चला घरी. सरूनं थालीपीठं लावलीत."